कॅल्शियमच्या गोळ्या नकोत

कुत्र्याच्या या पिल्लाचे पंजे एवढे मोठे आहेत म्हणजे ते अवाढव्य होणार, तेव्हा आतापासून भरपूर खाऊ घाला आणि कॅल्शियम सुरू करा, असा सल्ला पिल्लाच्या खाण्याबद्दलच्या प्रश्नावर वर दोघांनी दिलाय. मोठं होईल हे मान्य, पुढचं मात्र अजिबात पटत नाही. साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्यांना जास्तीचं कॅल्शियम नीट अडवता येत नाही. जेवढं पोटात जातं त्यातलं बरंच शरीरात शोषलं जातं आणि त्यामुळे हाडांची व सांध्यांची वाढ बिघडू शकते. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी वेगळं खाणं मिळतं, त्यात कॅल्शियमचं प्रमाण बेतलेलं असतं. त्यावर गोळ्या दिल्या की तो हिशोबच मोडतो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं तर गोष्ट वेगळी.

आमची संकर जातीची कुत्री सोडवून आणली तेव्हा हाडांचा सापळा होती. येणारा प्रत्येक जण 'खायला घाला हिला' म्हणायचा, आणि तिच्याकडे बघून आम्हालाही तसंच वाटायचं. डॉक्टरांनी मात्र वजन हळूहळू वाढवायला लावलं. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की सहज लागाव्यात, ही त्यांची खूण. अवाढव्य होणाऱ्या कुत्र्यांची हाडं वाढायची थांबायला दीड-दोन वर्षं लागतात. तोवर उंचावरून उड्या आणि दमवणारी धाव टाळा. नसबंदी कधी करायची तेही या वाढीचा विचार करूनच डॉक्टरांशी ठरवा.