जर्मनीतल्या विद्यापीठ रुग्णालयात नर्स: आधी बी2 की आधी कागदपत्रं?

मेघा_आयसीयू
जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, आयसीयूत 3 वर्षं. जर्मन भाषेची बी1 पातळी चालू आहे, बी2 ही त्यापुढची. हायडेलबर्ग किंवा ट्युबिंगेनच्या विद्यापीठ रुग्णालयात अर्ज करायचाय. एजंट म्हणतो, बी2 होईपर्यंत कागदांना हात लावू नका. बरोबर आहे का?

राईनकाठ
नाही ताई, कागद आजच काढायला घ्या. दोन्ही शहरं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतात, तिथे पात्रतेची मान्यता श्टुटगार्टचं रेगिरुंग्सप्रेझिडियम (विभागीय सरकारी कार्यालय) देतं. गुणपत्रिकेपेक्षा त्यांना विषयवार तासांचा तक्ता हवा असतो: थिअरी किती, कोणत्या वॉर्डात प्रॅक्टिकल किती. आपल्या कॉलेजांकडून बरेचदा नुसते गुण लिहून मिळतात. जे तास कागदावर नाहीत ते झालेच नाहीत असं धरलं जातं. म्हणून प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचा तक्ता घ्या. मानसोपचार, बालरोग, कम्युनिटी पोस्टिंगचे तास वेगवेगळे दिसू देत. भाषांतर शपथबद्ध अनुवादकाकडूनच करा.

मग बहुधा 'डेफिझिटबेशाईड' येतं, म्हणजे कुठे तूट आहे ते सांगणारं पत्र. त्याला नकार समजून रडत बसू नका! ते पत्र, बी1 आणि रुग्णालयाचा करार यांवर जर्मनीच्या निवास कायद्यातल्या कलम 16डीचा, म्हणजे मान्यता पूर्ण करण्यासाठीचा, व्हिसा मिळू शकतो. बी2 लागतं ते पूर्ण मान्यतेसाठी, आणि तोवर सहायक म्हणूनच काम करता येतं.

वॉर्ड_शिक्षिका
तूट भरायचे मार्ग दोन: अनुकूलन प्रशिक्षण (राहिलेला भाग तिथे शिकून भरणं) किंवा ज्ञानपरीक्षा. परीक्षेत तोंडी भाग 45 ते 60 मिनिटांचा, शिवाय प्रत्यक्ष रुग्णासोबत प्रात्यक्षिक. नापास झालात तर तो भाग एकदाच पुन्हा देता येतो.

प्रात्यक्षिकात आयसीयूवाल्या मुली व्हेंटिलेटरवर अडत नाहीत, अंग पुसताना अडतात. आपल्याकडे ते मावशी किंवा नातेवाईक करतात. तिथे ते नर्सचंच काम आहे. त्यातून रुग्णाची त्वचा, श्वास, हालचाल बघायची असते. प्रत्येक कृतीआधी रुग्णाला जर्मनमध्ये सांगायचं, हाताला सॅनिटायझर पूर्ण 30 सेकंद चोळायचं, पडदा ओढायचा, जे अंग पुसतोय तेवढंच उघडं ठेवायचं. मुकाट्याने भराभर उरकणं हीच सगळ्यात मोठी चूक.

राईनकाठ
रुग्णालय तयार असेल तर त्यांना त्याच कायद्याच्या कलम 81एची, मान्यता आणि व्हिसाची जलद प्रक्रिया करायला सांगा. तिची फी 411 युरो. कागद पूर्ण असले की मान्यतेचा निर्णय साधारण 2 महिन्यांत द्यावा लागतो. आणि 'फेअर आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड' ही न्याय्य नर्सभरतीची सरकारी मोहोर असलेली एजन्सी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. तुमचा एजंट मागत असेल तर तिथेच थांबा. 'रुकत्सालुंग' हा शब्द करारात शोधा. नोकरी लवकर सोडल्यास किती रक्कम परत करायची ते तिथे असतं.

मेघा_आयसीयू
दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं आडनाव आहे, पासपोर्टवर सासरचं.

वॉर्ड_शिक्षिका
विवाह नोंदणी प्रमाणपत्राचंही भाषांतर जोडा. कौन्सिलच्या नोंदणीवर जुनं नाव असेल तर ते आधी बदलून घ्या, मगच गुड स्टँडिंग (नोंदणी चालू आहे, तक्रार नाही असं कौन्सिलचं प्रमाणपत्र) काढा.