मदत हवी आहे: ४५४ बिग ब्लॉक (शेवीचं ४५४ क्यूबिक इंचाचं मोठं इंजिन) बांधतोय, चार हजार डॉलरात पार्ट कुठले घेऊ?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ. तीन वर्षांपूर्वी १९७८ ची शेवी सी-टेन पिकप घेतली. तिच्यातलं ३५० (क्यूबिक इंचाचं स्मॉल ब्लॉक इंजिन) आता इतका निळा धूर मारतं की शेजारचे आजोबा अंगणात बसलेले असले की मी गाडी ढकलत रस्त्यावर नेतो आणि मग स्टार्टर मारतो. तर मागच्या महिन्यात एका माणसाकडून ऐंशीच्या दशकातल्या एक-टनी ट्रकमधलं ४५४ घेतलं, सहाशे डॉलरला, "कधी उघडलेलं नाही" असं म्हणाला. जवळपास ७०० पौंडांचं धूड आहे, हॉइस्टवर लटकवल्यावर गॅरेजची फरशी बघून पोटात गोळा आला. आता ते स्टँडवर आहे, हेड काढलीत, ब्लॉकवर कार्बनचा थर असा की बार्बेक्यूची जाळी बरी.

गाडी रोजची नाही. शनिवार-रविवार, कधी लेकाला घेऊन आइस्क्रीम, आणि पुढच्या ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझला (जुन्या गाड्यांच्या मेळ्याला) जायचंय. ड्रॅग रेस वगैरे काही नाही. पण ॲक्सिलरेटर दाबला की पाठ सीटला चिकटली पाहिजे आणि आयडलला तो डुगडुग-डुगडुग आवाज पाहिजे. गावाकडे बुलेट होती माझी, तेव्हापासूनची ही खोड.

बजेट चार हजार डॉलर. घरचं अर्थखातं म्हणतं साडेतीन. त्यातले चौदाशे तर मशीन शॉपच खाणार, म्हणजे धुणं, बोअर मारणं, होनिंग, बॅलन्सिंग. उरलेल्यात मी असं ठरवलंय: बोअर (सिलिंडरचा व्यास) तीस थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवायचा म्हणजे ४६० क्यूबिक इंच होतं, फ्लॅट टॉप पिस्टन (३५० ला फ्लॅट टॉप घातले की कॉम्प्रेशन मस्त साडेनऊ-दहा येतं, तेच इथे), ५० थाऊ लिफ्टला २४४ डिग्रीचा (म्हणजे व्हॉल्व बराच वेळ उघडा ठेवणारा) हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट कॅम (सपाट बुडाच्या लिफ्टरवर घासत फिरणारा) कारण त्याचा आवाज व्हिडिओत ऐकला आणि तिथेच विरघळलो, ८५० सीएफएमचा (मिनिटाला तेवढे घनफूट हवा घेणारा) कार्ब, आणि टॉर्क कन्व्हर्टरची फ्लेक्सप्लेट (क्रँकच्या मागची चकती) ३५० चीच, चांगली आहे, उगाच कशाला खर्च. अडलंय ते हेडवर. माझ्या इंजिनावर ती बारक्या पोर्टची हेड आहेत, इकडे ज्यांना पीनट पोर्ट म्हणतात. ॲल्युमिनियमची जोडी घ्यायची तर दोन हजार तिथेच गेले. जुनी ७८१ (कास्टिंग नंबरवरून नाव, मोठ्या पोर्टची लोखंडी हेड) शोधू? की आहे तेच ठेवू?

उद्यमनगरात मामांचं ऑइल इंजिनचं वर्कशॉप होतं, त्यांना व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं तर ते एवढंच म्हणाले, "आधी बोअर माप, मग कॅटलॉग बघ." मला वाटलं म्हातारा टाळतोय.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

जुना_पाना:

मामांना माझा दंडवत सांग. घर पाहावं बांधून म्हणतात ना, त्यात इंजिनही घाला.

पहिलं म्हणजे पिस्टनची ऑर्डर दिली असशील तर आत्ताच्या आत्ता रद्द कर. स्मॉल ब्लॉकचा हिशोब इथे चालत नाही. ३५० च्या ज्या हेडवर तुझा हिशोब जमतो त्यांचं चेंबर ६४ सीसीच्या आसपास असतं, तुझ्या ओपन चेंबर हेडचं ११८-११९ च्या घरात असणार, जवळजवळ दुप्पट. हे बघ, तीस थाऊ वाढवलेला बोअर म्हणजे ४.२८ इंच, स्ट्रोक ४ इंच, एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन वर-खाली होताना व्यापतो ती जागा) ९४३ सीसी. वर उरतं काय? चेंबर ११९, गॅस्केट साधारण साडेनऊ, पिस्टन डेकच्या २० थाऊ खाली राहिला तर आणखी पावणेपाच, आणि फ्लॅट टॉपला व्हॉल्वसाठी कापलेल्या खाचांचे तीन. झाले १३६. ९४३ आणि १३६ ची बेरीज करून तिला १३६ ने भाग, उत्तर ७.९. म्हणजे नवे कोरे पिस्टन घालून तू ट्रकचंच कॉम्प्रेशन परत विकत घेणार.

१८ सीसीचा छोटा डोम (माथ्यावर फुगवटा) असलेला पिस्टन घे, त्याच हिशोबात ९.२ येतं. लोखंडी हेड, पंपावरचं ९३ ऑक्टेनचं पेट्रोल, आरामात चालेल. (तिकडून नवीन आलेल्यांसाठी: रॉन आणि मॉन म्हणजे ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती, भारतात पंपावर लिहितात तो रॉन, इथे लिहितात ती रॉन आणि मॉनची सरासरी, त्यामुळे इथलं ९३ हे तिकडच्या ९५ पेक्षा कमी अजिबात नाही.) फार हावरटपणा करून दहाच्या वर जाऊ नकोस, ओपन चेंबरमध्ये क्वेंच (पिस्टन आणि हेडमधली चपटी अरुंद फट) जवळपास नसतोच, नॉकिंग लवकर सुरू होतं.

दुसरं, फ्लेक्सप्लेट. ४५४ ची बॅलन्सिंग बाहेरून असते, पुढच्या बॅलन्सरवरही वजन आणि मागच्या फ्लेक्सप्लेटवरही. ३९६, ४०२, ४२७ आतून बॅलन्स केलेली, ४५४ नाही. ३५० ची प्लेट लावलीस तर आइस्क्रीम न खाताच दात वाजतील. इंजिनाबरोबर आली असेल तर तिचं तीच ठेव, आणि मशीन शॉपला क्रँक बॅलन्सिंगला देशील तेव्हा दोन्ही बरोबर दे.

तिसरं, मागचं मेन सील दोन तुकड्यांचं आहे का बघ. १९९० पर्यंतचं मार्क फोर (बिग ब्लॉकची जुनी पिढी) असेल तर दोन तुकडे, ९१ पासून अख्खं एक. क्रँक, ऑइल पॅन, फ्लेक्सप्लेट सगळं बदलतं त्याने. आणि डेकची उंची मापलीस का? मोठ्या मालट्रकांचे ३६६ आणि ४२७ टॉल डेक ब्लॉक असतात, १०.२ इंचाचे, आपलं ९.८. तुझं ४५४ आहे म्हणतोस तर तो प्रश्न नसावा, पण पट्टी लावायला पैसे पडत नाहीत.

---

रिकामटेकडा_टेक्सास:

सोड ना भाऊ, जंकयार्डमधून ६.० लिटरचं एलएस (शेवीचं नव्या पिढीचं इंजिन) उचल, हार्नेस लाव, संध्याकाळी गाडी रस्त्यावर. मायलेज पण मिळेल.

---

धागाकर्ता:

@रिकामटेकडा, वाटच बघत होतो, अजून एलएस कसं आलं नाही 😀 मायलेजच हवं असतं तर बायकोची कॅमरी आहे. लहानपणी मामांकडे लिस्टर इंजिनाचं फ्लायव्हील हाताने फिरवलंय मी, मला लोखंडच पाहिजे.

@जुना_पाना, खरंच आभार. सील दोन तुकड्यांचं आहे. पट्टी लावली, ९.८ च आहे. पिस्टन अजून कार्टमध्येच आहेत, वाचलो. मग कॅम आणि हेडचं काय?

---

जुना_पाना:

कॅमचं ऐक. २४४ डिग्रीच्या कॅममध्ये इनटेक व्हॉल्व इतका उशिरा बंद होतो की कमी आरपीएमला पिस्टन वर येताना बरीच हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. त्यावर तुझ्या मूळ बेतात कॉम्प्रेशन आठ. सिग्नलवरून उठताना ४५४ असून गाडी रिक्षासारखी उठेल. वर पिकपला पॉवर ब्रेक आहेत ना? आयडलला व्हॅक्यूम नसेल तर बूस्टर काय हवेवर चालणार का, म्हणजे हवेवरच चालतो पण कळलं ना. शिवाय हाय स्टॉल (जास्त आरपीएमला पकड घेणारा) कन्व्हर्टर घ्यावा लागेल, तो यादीत नाही. २१८ ते २२४ मध्ये राहा, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधला कोन) ११० घेतलंस तर डुगडुग थोडी मिळेलच, ११२ ला जरा सभ्य.

हेड: पीनट पोर्टला लोक उगाच नावं ठेवतात. ४५०० आरपीएमच्या वर दम लागतो हे खरं, पण खाली टॉर्क भरपूर, आणि व्हॉल्व तर ७८१ चेच, २.०६ आणि १.७२. तू किती वेळा ४५०० च्या वर जाणार? ७८१ किंवा ०४९ (तशीच दुसरी कास्टिंग) ची जोडी स्वस्तात मिळाली तर घे जरूर, पोर्ट खरंच मोठे आहेत, पण मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने भेगा शोधायची तपासणी) केल्याशिवाय पैसे देऊ नकोस. त्यात भेग निघाली की ती जोडी म्हणजे बागेतली कुंडी. वर गाइड, सीट, स्प्रिंग सगळं करून पाचशे-सहाशे जातातच. आणि ७८१ घेतलीस तर इनटेकही मोठ्या ओव्हल पोर्टचा, ड्युअल प्लेन. एकदम कोणीतरी रेक्टँग्युलर पोर्टचा इनटेक "फुकटात देतो" म्हणेल, घेऊ नकोस.

कार्ब ८५० नको. ४६० गुणिले ५५०० भागिले ३४५६, आले ७३२, आणि ते इंजिन शंभर टक्के भरलं तर. ८५ टक्के धर, ६२२. व्हॅक्यूम सेकंडरीचा ७५० घे, तोही जास्तच आहे, पण चांगला बसतो.

---

सुगरण_मेकॅनिक:

कॅमबद्दल माझं पण थोडं, कारण आमच्याकडे रडारड होऊन गेलीय.

नवऱ्याच्या ४०२ मध्ये फ्लॅट टॅपेट घातला होता. पहिल्यांदा स्टार्ट केलं, पेट्रोल कार्बमध्ये नीट आलंच नव्हतं, दहा मिनिटं नुसतं क्रँकिंग, मग एकदाचं लागलं तर रेडिएटरची होज गळायला लागली म्हणून बंद, परत चालू, परत आयडलवर ठेवून टायमिंग बघत बसला. दोनशे मैलांत टकटक सुरू. ऑइल काढलं तर चंदेरी, दिवाळीतल्या वर्खासारखं. तीन लोब गोल झालेले, आणि तो चुरा सगळ्या बेअरिंगमध्ये. परत सगळं उघडलं.

तर धागाकर्ते साहेब, पहिल्यांदा इंजिन लागलं की लगेच २००० ते २५०० वर न्यायचं आणि २०-३० मिनिटं खाली आणायचंच नाही, थोडं वरखाली करत राहायचं. कॅमच्या लोबना ऑइल मुख्यतः क्रँकने उडवलेलंच मिळतं, आयडलवर ते पुरत नाही. त्याआधी डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिल मशीनने ऑइल पंप फिरवायचा, वर रॉकरपर्यंत ऑइल येईतो. कार्बचे बाउल आधीच भरायचे, टायमिंग आधीच लावायचं, रेडिएटरमध्ये पाणी भरून गळती आधीच बघायची. झिंकवालं ब्रेक-इन ऑइल. डबल स्प्रिंग असतील तर आतल्या काढून ठेवायच्या तेवढ्यापुरत्या. लिफ्टर कॅमबरोबरचेच नवे, जुने कधीही नाही, आणि बसवताना प्रत्येक लिफ्टर बोटाने फिरवून बघायचा, जो अडकला तो मरणार.

हे सगळं करायची तयारी नसेल तर हायड्रॉलिक रोलर कॅम (लिफ्टरच्या बुडाला चाक असतं तो) घे, पण तुझ्या ब्लॉकला रेट्रोफिट लिफ्टर लागतात, कॅम पुढे सरकू नये म्हणून कॅम बटन लागतं, हजारच्या आसपास जाशील. मी असते तर कार्ब जुना घेऊन स्वतः उघडून साफ केला असता आणि ते पैसे रोलरला लावले असते. जुना_पानांना पटणार नाही.

---

जुना_पाना:

नाही पटलं :) नीट ब्रेक-इन केलेला फ्लॅट टॅपेट माझ्याकडे पंधरा वर्षं चाललाय. पण ताई, चुऱ्याचं सांगितलंत ते शंभर टक्के खरं.

---

धागाकर्ता:

मंडळी, अपडेट. आणि जरा वाईट बातमी.

काल चेंबर मापायला बसलो. हेड वायर ब्रशने साफ केलं, व्हॉल्वला ग्रीस लावलं, प्लग बसवला, वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची काच चिकटवली आणि ब्युरेटने स्पिरिट सोडायला लागलो. बिनरंगी स्पिरिट काचेखाली दिसेचना, बुडबुडा कुठे आहे कळेना. आई सध्या इथे आलीय, ती दारात उभी राहून बघत होती, आत गेली आणि जिलबीचा रंग घेऊन आली. दोन थेंब टाकले, केशरी झालं, बुडबुडा एका कोपऱ्यात स्पष्ट. ११७.५, ११८, ११८, ११८. आई म्हणाली एवढं मापून तूप घालायचास तर शंकरपाळी बिघडली नसती मागच्या वर्षी.

मग त्याच जोशात एक पिस्टन वर आणून डोक्यावरचा कार्बन खरवडला. प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू, वर थोडं कार्ब क्लीनर. आधी बाणाची खूण दिसली, मग शून्य. मग तीन. मग आणखी एक शून्य. ०३०. म्हणजे "कधी न उघडलेलं" इंजिन आधीच तीस थाऊ मारलेलं आहे. बाकीचे सातही खरवडले, सगळ्यांवर तेच.

आता मामांचं वाक्य कळलं.

पुढचा टप्पा साठ थाऊ, ४.३१ इंच, ४६७ क्यूबिक इंच होतं. हिशोब परत केला, ११८ च्या चेंबरला १८ सीसी डोम धरून ९.३६ येतंय. हे बरोबर आहे का कोणी तपासेल का? आणि साठ थाऊला भिंती टिकतील का?

---

जुना_पाना:

हिशोब बरोबर. साठ थाऊ पुष्कळ लोक चालवतात, पण आंधळेपणाने नको, बोअर मारण्याआधी सोनिक टेस्ट करून भिंतीची जाडी बघायला सांग, कास्टिंगच्या वेळी कोअर सरकलेला असला तर एका बाजूची भिंत पातळ निघते, आणि मग उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये तापतं. रेडिएटर ३५० चाच असेल तर तोही बदल, हे मगाशीच सांगायला हवं होतं.

पण त्याच्या आधी बोअर गेज लावू दे त्यांना. मागच्याने तीस मारून फार चाललं नसेल तर झीज कमी असेल, नुसतं होनिंग आणि रिंगांवरही भागू शकतं. मग डोमचे पिस्टन तीस थाऊचेच घ्यायचे, आणि बोअरिंगचे पैसे वाचले तर ताईंच्या रोलरला लाव, मी काही बोलणार नाही.

---

धागाकर्ता:

शनिवारी सकाळी ब्लॉक शॉपवर नेतोय, गेज आणि सोनिक टेस्ट दोन्ही सांगितलंय. हेड पीनटच ठेवतोय या वर्षी. कॅम २२० च्या आसपासचा, रोलर की फ्लॅट ते शनिवारनंतर. फ्लॅट टॉप पिस्टन कार्टमधून काढले.

कोणाकडे मार्क फोरचा ओव्हल पोर्टचा ड्युअल प्लेन इनटेक पडून असेल तर व्यनि करा, मिशिगन, ओहायो, इंडियाना कुठूनही येऊन घेऊन जाईन. आई शंकरपाळी करून देते म्हणालीय, या वेळी ती स्वतः मापणार आहे.