ट्रॉमा कॉल कधी द्यायचा: गाडी निघताच की पोचायच्या दहा मिनिटं आधी?

भूलतज्ज्ञ, ट्रॉमा ओटी (धागाकर्ती)
पनवेलजवळ अपघात झाला, १०८ची ॲम्ब्युलन्स सायन हॉस्पिटलच्या दिशेने निघाली, आतल्या डॉक्टरांनी फोन केला. हातात ४० मिनिटं आहेत. अशा वेळी अनेक कॅज्युअल्टींमध्ये निरोप वहीत लिहून घेतात आणि गाडी गेटवर दिसली की टीमला बोलावतात. माझं म्हणणं, फोन ठेवताक्षणी ट्रॉमा कॉल, म्हणजे सर्जन, भूल, ऑर्थो, रक्त अशा सगळ्यांना एकत्र बोलावणं, द्यायला हवा.

प्रत्येक तयारीला लागणारा वेळ वेगळा असतो. सक्शन तपासणं, ट्यूब काढून ठेवणं, औषधं भरून लेबल लावणं हे ५ मिनिटांत होतं. सीटीचं टेबल रिकामं करायला १० मिनिटं लागतात. सगळ्यात हळू तयार होतं ते रक्त. गोठवलेला प्लाझ्मा (रक्त गोठायला मदत करणारा रक्ताचा द्रव भाग) ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये वितळायला २० ते ३० मिनिटं घेतो, पूर्ण क्रॉसमॅच (पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ही तपासणी) पाऊण तास खाते. पेशंट टेबलावर आल्यावर ही यादी सुरू केली तर पहिला अर्धा तास सलाईनवर जातो. सलाईनने रक्त पातळ होतं, अंग गार पडतं आणि गुठळी धरत नाही.

सर्जरी विभाग
मॅडम, रक्ताचं गणित मान्य, पण त्यासाठी सगळी टीम ४० मिनिटं आधी का हवी? रात्री एक लेक्चरर आणि दोन रेसिडेंट असतात. त्यातला एक जण ओटीत आतडं फुटलेल्या पेशंटवर हात धुऊन उभा असतो. लवकर कॉल दिला की दहा मिनिटं सगळे ट्रॉली बेजवळ (पेशंट पहिल्यांदा घेतात ती जागा) थांबतात, मग ऑर्थोचा (हाडांच्या विभागाचा) रेसिडेंट प्लास्टर रूममध्ये जातो, भूलवाले दुसऱ्या ओटीत. गाडी येते तेव्हा जागेवर फक्त इंटर्न असतो आणि फोनाफोनी पहिल्यापासून.

दुसरा तोटा हळूहळू दिसतो. चार कॉलमागे तीन पेशंट चालत घरी गेले की पाचव्या कॉलला कुणी धावत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स २५ ते ३५ टक्के जादा कॉल चालवून घेते, कारण खरा गंभीर पेशंट निसटण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत ठेवायचं असतं. पण तिथे मोठ्या सेंटरला बदली सर्जन ठेवावा लागतो. आपल्याकडे बदलीला कोण आहे? पोचायच्या १० मिनिटं आधी कॉल द्या, सगळे नक्की येतील.

१०८वरचा डॉक्टर
सर, १० मिनिटं आधी म्हणजे नेमकं कधी, हे गाडीतून सांगता येत नाही. वाशी खाडीपुलावर वाहतूक तुंबली की १० मिनिटांची २५ होतात. म्हणून मिनिटं विचारू नका, ठिकाणं ठरवून घ्या. पहिला फोन चाकं हलल्यावर, दुसरा मानखुर्द ओलांडल्यावर. टीमला बोलवायचं ते दुसऱ्या फोनवर.

फोनवर सहाच गोष्टी, याच क्रमाने: वय, अपघाताची वेळ, मार कसा बसला, दिसणाऱ्या जखमा, नाडी-बीपी-श्वास-शुद्ध, आणि दिलेले उपचार. अर्ध्या मिनिटात सांगून होतं. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) दिलं असेल तर किती वाजता, हे हवंच. पहिला १ ग्रॅम १० मिनिटांत जातो, पुढचा १ ग्रॅम ८ तासांत. इजेनंतर ३ तास उलटले की सुरू करायचं नाही. वेळ कळली नाही तर डोस दुबार तरी जातो किंवा चुकतो तरी.

आणि कॅज्युअल्टीत या कामासाठी वेगळा मोबाइल ठेवा, ज्याच्या हातात तो असेल त्याचं नाव फळ्यावर लिहा. ऑपरेटरमार्फत केलेला फोन तीन टेबलं फिरतो, तोवर घाटात रेंज गेलेली असते.

ब्लड बँक
प्रत्येक पहिल्या फोनवर प्लाझ्मा वितळवायला माझा ठाम विरोध आहे. वितळलेली पिशवी पुन्हा गोठवता येत नाही. २ ते ६ अंशांत ठेवली तरी २४ तासांत वापरावी लागते. तिच्यामागे कुणीतरी दिलेलं रक्त आहे, ते फुकट जाता कामा नये.

पहिल्या फोनवर वॉटर बाथ चालू करू, कारण ३७ अंशांपर्यंत यायलाच त्याला वेळ लागतो, आणि ओ गटाच्या दोन पिशव्या बाजूला काढू. ओ निगेटिव्ह आपल्याकडे फारच कमी मिळतं, ते मुलींसाठी आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी राखायचं. पुरुषांना ओ पॉझिटिव्ह. हा निर्णय आधी लेखी हवा, रात्री दोन वाजता त्यावर वाद नको. प्लाझ्मा वितळवायचा तो नाडीचा आकडा वरच्या बीपीइतका किंवा जास्त असेल तरच.

भूलतज्ज्ञ, ट्रॉमा ओटी
ही अट मला मान्य आहे. नुसत्या बीपीवर मात्र कुणी थांबू नये. तरुण माणसाचं जवळपास ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचं बीपी टिकू शकतं. नाडी १२० आणि बीपी ११० असं कळलं आणि कुणी "बीपी बरं आहे" म्हणून फोन ठेवला, तर तिथेच २० मिनिटं हातची गेली.

सर, तुमच्या आक्षेपावर: पहिल्या फोनवर सर्जनने यायचं नाही, पण त्याला कळलं पाहिजे. ओटीत पोट उघडायचं की अर्धा तास थांबता येईल, हे तो तेव्हाच ठरवू शकतो. मानखुर्दच्या फोनपर्यंत पोट उघडलेलं असेल तर तो निर्णय त्याच्या हातात राहत नाही.

कॅज्युअल्टी सिस्टर इन्चार्ज
तुम्ही सगळे फोन करून येणाऱ्या पेशंटवर बोलताय. रिक्षातून, टेम्पोतून, पोलिसांच्या गाडीतून येणाऱ्यांचं काय? त्यांची सूचना म्हणजे गेटवरचा आरडाओरडा. तिथे कॉल दारातच द्यावा लागतो आणि तो देण्याचा अधिकार ट्रायाजच्या (कोण किती गंभीर हे दारात ठरवणाऱ्या) सिस्टरला हवा. सीएमओ (कॅज्युअल्टीचे डॉक्टर) एमएलसी, म्हणजे पोलीस केसची नोंद, लिहीत बसलेले असतील तर त्यांची वाट पाहायची नाही. वरचं बीपी ९० च्या खाली, वय ६५ किंवा जास्त असेल तर ११० च्या खाली. श्वास मिनिटाला १० पेक्षा कमी किंवा २९ पेक्षा जास्त. सांगितलेली साधी हालचाल करत नाही. मानेत, छातीत, पोटात भोसकलेलं. यातलं एक जरी असेल तरी बेल. वॉर्डबॉय मामा ट्रॉली आणतील, आया मावशी कपडे कापायला कात्री देतील, डॉक्टर वाटेत असतील.

दुसऱ्या हॉस्पिटलमधून पाठवलेल्या पेशंटचंही वेळापत्रक वेगळं. "निघतोय" असा फोन येतो तेव्हा तिकडे कागद, नातेवाईक आणि ऑक्सिजन सिलिंडर यांची जुळवाजुळव चाललेली असते. दीड तासाने गाडी हलते. तो फोन वहीत लिहा, कॉल देऊ नका. गाडीतल्या माणसाने स्वतः फोन केला की मगच तो पहिला फोन धरायचा.

सर्जरी विभाग
सिस्टरने बेल द्यायला माझी हरकत नाही, उलट ती वाजवणाऱ्याला नंतर कुणी जाब विचारू नये. पण कॉल रद्द कोण करणार, हे कुणीच लिहिलेलं नाही. माझ्या मते फक्त बेजवळ असलेला सर्वात वरिष्ठ डॉक्टर, तोही पेशंट स्वतः तपासून. दुसऱ्या फोननंतर २० मिनिटांत गाडी आली नाही तर टीम मोकळी करा, पण रक्त बेजवळच्या थंड पेटीत राहू द्या आणि गाडीला उलट फोन लावा.

१०८वरचा डॉक्टर
उलट फोन लावताना आधी गाडीतला मोबाइल, मग ड्रायव्हर. माझे दोन्ही हात अंबू बॅगवर (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) असतील तर मी उचलणार नाही, ड्रायव्हर स्पीकरवर उचलेल.