‘लस घेऊनही आजार होतोच, मग ती लस कसली?’ – त्या पोस्टला उत्तर

आडकित्ता:
सध्या एक पोस्ट जो तो पुढे ढकलतोय. मजकूर थोडक्यात असा: गोवराची साथ आली की निम्म्याहून जास्त रुग्ण लस घेतलेलेच निघतात, जी संसर्ग रोखत नाही तिला लस म्हणायचंच कशाला, आणि शंका असेल त्याने अँटिबॉडी तपासून घ्यावी, पितळ उघडं पडेल. खाली टाळ्या पिटणाऱ्यांची ही रांग! दोन ओळींत भागणार नाही म्हणून धागा.

आधी ते ‘निम्म्याहून जास्त’. १००० मुलं धरा, त्यांतल्या ९५० जणांनी लस घेतलेली. लस ९० टक्केच परिणामकारक धरू (गोवराची याहून चांगली आहे, एका डोसने साधारण ९३ आणि दोन डोसांनी ९७ टक्के). विषाणू सगळ्यांपर्यंत पोचला असं समजा. लस न घेतलेली ५० च्या ५० पडतील, घेतलेल्यांपैकी ९५. म्हणजे १४५ रुग्णांत दोन तृतीयांश लसवंत. झाली पोस्ट तयार! पण एका गटात शंभरातले शंभर आजारी आहेत आणि दुसऱ्यात शंभरातले दहा, हे कोण सांगणार? सगळ्यांनीच लस घेतली तर पडणारा प्रत्येक रुग्ण लसवंतच असेल. पोस्टकर्त्याने अंश मोजला, छेदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसरं, ‘संसर्ग रोखत नाही ती लस नव्हे’. घटसर्पाची लस जंतूविरुद्ध नाहीच, ती त्याच्या विषाविरुद्ध आहे. जंतू घशात बसू शकतो. पण विष निष्प्रभ होतं, आणि हृदय नि नसा वाचतात. धनुर्वात तर माणसाकडून माणसाला होतच नाही. पोलिओचं इंजेक्शन लुळेपणा टाळतं, आतड्यातली विषाणूची वाढ मात्र पुरती थांबवत नाही. या तिन्ही लसी बाद करायच्या का?

तिसरं, अँटिबॉडी. ब काविळीची लस पूर्ण झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी मिलिलिटरमागे १० मिलीयुनिट किंवा जास्त आलं की संरक्षण मिळालं असं धरतात. काही वर्षांनी तोच आकडा १० च्या खाली येतो, तरी निरोगी माणसाचं संरक्षण टिकतं. कारण त्या विषाणूला आजार उभा करायला दीड ते सहा महिने लागतात आणि स्मृतिपेशी (जुना शत्रू लक्षात ठेवणाऱ्या प्रतिकारपेशी) काही दिवसांतच कामाला लागतात. फ्लूचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा, १ ते ४ दिवस. तिथे स्मृतिपेशी जाग्या होईपर्यंत माणूस शिंकायला लागलेला असतो. उतरलेल्या अँटिबॉडीचा अर्थ आजारागणिक बदलतो, तो असा. नुसता लॅबचा कागद नाचवून काही सिद्ध होत नाही.

कोरडा_ठणठणीत:
गणित मान्य. पण उदाहरणं तुम्ही सोयीची निवडलीत. डांग्या खोकला कुठे गेला? जुनी संपूर्ण पेशींची लस जाऊन अपेशीय (अख्ख्या जंतूऐवजी त्याचे निवडक भाग असलेली) लस आली, कारण तिने ताप आणि सूज कमी येते. किंमत काय मोजली? संरक्षण काही वर्षांतच ओसरतं. आणि बबून माकडांवरच्या प्रयोगात अपेशीय लस दिलेली माकडं आजारी पडली नाहीत, पण त्यांच्या घशात जंतू आठवडेच्या आठवडे राहिला आणि दुसऱ्या माकडांना लागलाही. तरी ‘घरातल्या मोठ्यांनी घ्या, बाळ सुरक्षित’ असा प्रचार जोरात झाला. बाळाला खरा आधार मिळतो तो आईने गरोदरपणाच्या उत्तरार्धात लस घेतल्यावर वारेतून जाणाऱ्या अँटिबॉडींचा.

लोकांना ‘घ्या, होणारच नाही’ असं सांगून ठेवायचं आणि झालं की छेद शिकवायचा. चिडणार नाहीत तर काय करतील?

बर्फगोळा:
अवांतर करतो, पण करणारच. दोघंही लस बाटलीत शाबूत आहे असं गृहीत धरून भांडताय. साठवणीवर कोणी बोलत नाही. आणि बोललं की सगळ्यांना उन्हाचीच भीती. बर्फाची कोणालाच नाही.

ब कावीळ, पेंटाव्हॅलेंट, डीपीटी, धनुर्वात, एचपीव्ही, न्यूमोकोकल: या सगळ्यांत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. मर्यादा २ ते ८ अंश. ब काविळीची लस उणे ०.५ अंशाच्या आसपास गोठते. गोठताना बर्फाचे स्फटिक क्षाराचे कण एकमेकांवर दाबतात, त्यांच्या गुठळ्या होतात, आणि वितळल्यावर त्या पुन्हा सुट्या होत नाहीत. लसीची ताकद गेली ती गेली. हलवली की बाटली दिसायला पुन्हा दुधाळच, म्हणून कोणाला संशयही येत नाही.

आणि बाटलीवरच्या त्या उष्णतेने रंग बदलणाऱ्या चौकोनाचं कौतुक पुरे झालं. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर वापरा, रंग जुळला की फेका, बरोबर. पण तो साठलेली उष्णता मोजतो, गोठणं नाही. गोठून वाया गेलेल्या बाटलीवरचा चौकोन छान फिका असतो!

आडकित्ता:
बर्फगोळा, धागा गोवराचा आहे. गोवराची लस कोरड्या पावडरीत येते, ती गोठली तरी तिला ढिम्म काही होत नाही. तोंडाने द्यायच्या पोलिओचंही तेच, ती तर उणे २० ला ठेवतात. तुमची गाडी फ्रीजवरून हलतच नाही.

बर्फगोळा:
बरं, गोवर घ्या. पावडर गोठवा खुशाल. तिचं डायल्युएंट (पावडर विरघळवायचं द्रावण) गोठवून दाखवा, काचेला तडा जातो. पावडरीत डायल्युएंट घातलं की तीच लस नाजूक होते: उष्णता सोसत नाही, आणि आत जंतुरोधकही नाही. म्हणून ६ तास किंवा सत्राचा शेवट, जे आधी येईल तेव्हा ती फेकायची. उरलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरली तर स्टॅफिलोकोकस वाढलेला असू शकतो आणि बाळ त्याच्या विषाने दगावू शकतं. मग नाव लसीचं.

डायल्युएंट त्याच उत्पादकाचं, त्याच लसीचं हवं. ‘पाणी ते पाणी’ म्हणून दुसरं घालणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. शिवाय ते आदल्या दिवसापासून लसीइतकंच गार करून ठेवायचं. कोमट ओतलंत तर जिवंत विषाणूला तिथेच धक्का. ‘लस घेऊनही गोवर झाला’ या वाक्यातली किती प्रकरणं इथली आहेत, ते तुमच्या ९५० च्या हिशेबात कुठे बसतं?

आडकित्ता:
९७ टक्के हा आकडा प्रत्यक्ष साथींतूनही आलाय. त्यात तुमचे कोमट डायल्युएंटवाले बसलेलेच आहेत.

बर्फगोळा:
व्यवस्था चोख असते तिथल्या साथींतून. टेबलावर बसून सरासरी काढणाऱ्याला फ्रीजची मागची भिंत कधी दिसत नाही.

आडकित्ता:
वैयक्तिक होऊ नका.

बर्फगोळा:
झालो नाही अजून. झालो की कळेल.

दुसरी_बाजू:
वा! शेवटी तुम्हीच कबूल केलंत की लसी खराब असतात. मग पोस्ट चुकीची कशी? आणि दुसरा डोस का देतात तेही सांगा की. पहिला फसतो म्हणूनच ना?

खवचट_काकू:
दुसऱ्या बाजूवाले, वाक्य अर्धं बरोबर लिहिलंत, अभिनंदन. गोवराचा दुसरा डोस हा बूस्टर नव्हेच. पहिल्या डोसाने ज्यांच्यात काहीच घडलं नाही त्यांना दिलेली ती दुसरी संधी. नवव्या महिन्यात दिला तर साधारण ८५ टक्के मुलांत प्रतिकारशक्ती येते, बाराव्यात दिला तर ९३ ते ९५. फरक आईकडून आलेल्या अँटिबॉडींचा. त्या लसीतला विषाणू वाढण्याआधीच गारद करतात. मग सगळीकडे बारावा महिनाच का नाही? कारण गोवर फिरत असतो तिथे मधले तीन महिने बाळ उघड्यावर पडतं, आणि लहान बाळाला गोवर जास्त बाधतो. हा हिशेब करूनच नववा महिना ठरतो, कोणाच्या लहरीने नाही.

उरलेलं अर्धं चूक. पहिल्या डोसाने ज्यांच्यात प्रतिकारशक्ती आली, त्यांची बहुतेक जन्मभर टिकते. दुसरा डोस उरलेल्यांसाठी, पण ते कोण हे तोंड पाहून ओळखता येत नाही म्हणून सगळ्यांना. गोवराचा एक रुग्ण कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात १२ ते १८ जणांना लागण देतो, आणि तो खोली सोडून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत तग धरतो. म्हणून ९५ टक्क्यांचा अट्टाहास. ८५ वर थांबलात तर साथ फिरायला रान मोकळं.

दुसरी_बाजू:
इतकं तिरकस बोलायची गरज नव्हती.

खवचट_काकू:
नाव वाचलं नाहीत का?

नवखा_पाहुणा:
भांडण चालू द्या, मला एवढंच सांगा: गोठली की नाही हे ओळखायचं कसं?

बर्फगोळा:
शेक टेस्ट. एक बाटली मुद्दाम घट्ट गोठवायची, पूर्ण वितळू द्यायची आणि तिच्यावर ‘गोठवलेली’ असं ठळक लिहायचं. ती आणि संशयित बाटली एकाच हातात धरून १० ते १५ सेकंद जोरात हलवायच्या. मग सपाट जागी शेजारी-शेजारी ठेवून अर्ध्या तासापर्यंत नजर ठेवायची. गोठवलेलीत गाळ भराभर खाली बसतो आणि वर पाणी नितळ होतं. संशयितही तितक्याच वेगाने किंवा त्याहून लवकर बसली तर फेका. सावकाश बसत असेल तर वापरा.

खवचट_काकू:
दोन अटी खाल्ल्यात. मुद्दाम गोठवायची बाटली त्याच उत्पादकाची, त्याच लसीची, त्याच बॅचची हवी. दोन उत्पादकांचा गाळ मुळातच वेगवेगळ्या वेगाने बसतो, तुलना फुकट जाते. आणि इंजेक्शनच्या पोलिओला ही चाचणी लागूच नाही. तिच्यात ॲल्युमिनियमचा क्षार नसतो, गाळ बसायचा कुठून? गोठल्याने ती मात्र बिघडते. बाटली डोळ्यांदेखत गोठलेली सापडली तर चाचण्या करत बसायचं नाही, सरळ फेकायची. ‘वितळवून बघू’ म्हणणाऱ्यांसाठी हे वाक्य.

बर्फगोळा:
त्याच बॅचची, हे लिहायचं राहिलं. आयपीव्हीचं (इंजेक्शनच्या पोलिओचं) ठीक.

कोरडा_ठणठणीत:
तुमचं फ्रीजपुराण संपलं असेल तर माझा मुद्दा अजून तसाच आहे. डांग्या खोकल्यावर कोणी बोललंच नाही.

आडकित्ता:
बोलतो. अपेशीय लस पसरणं थांबवण्यात कमी पडते, हे बरोबर. तान्ह्या बाळाला जीवघेण्या आजारापासून वाचवते, हेही तितकंच बरोबर. तुम्ही पहिलं सांगून थांबलात की पोस्टवाला तुमचंच वाक्य उचलून मिरवणार. प्रचाराची भाषा फसवी होती एवढं तुम्हाला देतो. त्यापुढे एक पाऊल नाही.

कोरडा_ठणठणीत:
एवढं दिलंत तेच पुष्कळ म्हणायचं. पोस्टवाल्याच्या भीतीने खरं झाकून ठेवायचं हे मात्र मला पटत नाही.

चुलीतला_विस्तव:
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

आडकित्ता:
बरं झालं काढलात. १९९८ चा तो लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेतला गेलाय. इथे नको.

नवखा_पाहुणा:
बर्फगोळा, आणखी एक. पेटीतून नेताना गोठते म्हणता, ती कशी? पेटी तर गार ठेवायलाच असते ना?

बर्फगोळा:
उणे २० च्या फ्रीजरमधला आइसपॅक काढला आणि थेट व्हायलशेजारी खोचला, की पहिल्या काही तासांतच खेळ खल्लास. पॅक बाहेर काढून पसरून ठेवायचे, वरचा हिमकण जाऊ द्यायचा, आणि हलवल्यावर आत पाण्याचा खळखळाट आणि बर्फ सरकल्याचा आवाज आला की मगच पेटीत. प्रत्येक पॅक वेगळा हलवून बघायचा. एक खळखळला म्हणून सगळे तयार झाले असं होत नाही. वेळ घड्याळावर ठरवू नका, खोलीच्या तापमानावर ती बदलते. घाईची सकाळ असेल तर फ्रीजमध्ये गार केलेल्या पाण्याचे पॅक बरे, त्यांनी लस गोठूच शकत नाही. पण तोंडाने द्यायची पोलिओ न्यायची असेल तर बर्फच लागतो, तिला ऊन मारतं.

खवचट_काकू:
आणि ज्या फ्रीजमधून व्हायल निघाल्या त्याचं काय? अर्धं नुकसान पेटीत शिरण्याआधीच झालेलं असतं. दुपारी तापमान ९ दिसलं की कोणीतरी डायल फिरवून थंडी वाढवतो. रात्री हवा गार होते, डायल तिथेच, आणि मागच्या भिंतीला टेकलेला ब काविळीचा खोका पहाटे उणे १ ला. सकाळी थर्मामीटर पुन्हा ४ दाखवतो आणि वहीत ४ लिहिलं जातं. डायल दिवसातल्या सगळ्यात थंड वेळेला लावायचा आणि मग वीज जाऊन आली तरी त्याला हात लावायचा नाही. खोके भिंतीपासून सुटे, दारात काहीही नको, बाष्पीभवन पट्टीजवळ (फ्रीजचा सगळ्यात गार भाग) तर नकोच. नोंद दिवसातून दोनदा, आणि थर्मामीटर लसीच्या खोक्यांमध्ये, दाराच्या कप्प्यात नाही.

बर्फगोळा:
रात्रीचं किमान तापमान साठवणारा थर्मामीटर लावा हेही लिहा, नाहीतर पहाटेचा उणे १ कोणाला दिसणारच नाही.

आडकित्ता:
वेगळा धागा काढा दोघं मिळून.

बर्फगोळा:
काढतो. तिथे गोवर आणू नका.