सोलापूरच्या खोलीची अनामत: आजच हवी

मंडळी,
नवऱ्याच्या त्रासानं घर सोडलेल्या ज्या बाईबद्दल शनिवारी बोललो, ती अजून सखी केंद्रातच (अशा बायकांसाठीचं सरकारी केंद्र) आहे. तिथं 5 दिवसच राहता येतं, उद्या मुदत संपते. धाकटी लेक जवळ आहे, पण थोरला मुलगा 11 वर्षांचा, त्याला केंद्रात ठेवून घेतलं नाही. तो मावशीकडे आहे, रात्री झोपत नाही. अशोक चौकाकडे खोली मिळतेय, मालक अनामत मागतोय. आपल्या परदेशातल्या मंडळाच्या खात्यातून तिला मदत करणाऱ्या संस्थेला पाठवाल का?
– अक्का

अक्का,
मंडळाच्या खात्यातून जमणार नाही. परकीय देणगी घ्यायला संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उतरतात. या संस्थेची नोंदणी नाही. शिवाय गणपतीची शिल्लक कार्यकारिणीला विचारल्याशिवाय हलणार नाही.
– अण्णा, खजिनदार

अण्णा, मग मंडळ बाजूला ठेवा. ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर ती परकीय देणगी ठरत नाही. इथलं नागरिकत्व घेतलेल्यांची ठरते, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) असलं तरी. आमच्या घरातून मी पाठवते, ह्यांनी पाठवायचं नाही.
आणि अक्का, चौकाचं नाव इथं लिहू नका. या यादीवर अर्धं सोलापूर आहे, नवऱ्याकडचंही कुणी असेल.
– वहिनी

पण तिनंच का घर सोडायचं? 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम 17 वाचा. 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सुनेला तिथं राहायचा हक्क मागता येतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. अनामतीवर पैसे घालवण्यापेक्षा वकील द्या.
– नाना

नाना, अर्ज दिलाय. आदेश येईपर्यंत तिनं त्याच जिन्यानं वर जायचं का? नवरा तिथंच पिऊन बसलेला असतो.
खरी अडचण कामाची आहे. ती विड्या वळते. पान-तंबाखू आणायला आणि विड्या द्यायला कारखान्यात जावंच लागतं, आणि तो दारातच गाठतो. मागच्या आठवड्यात मजुरी हिसकावून घेतली. खोली बदलली तरी कारखाना तोच राहिला तर काय उपयोग?
– अक्का

युनियनच्या बायकांना गाठा गं, दुसऱ्या कारखान्यात काम त्याच लावून देतील. आमच्या गिरणीच्या चाळीत अशी बाई आली की आई तिला आमच्यात झोपवायची आणि दारात स्वतः अंथरूण टाकायची. कुणाची हिंमत झाली नाही आत यायची. त्यातली एक पुढं चादरीच्या कारखान्यात लागली, दोन्ही पोरं शिकली.
– माई

माई, विड्यांसाठी वेगळा विषय काढा. ज्यांनी वैयक्तिक पैसे पाठवले त्यांनी रक्कम मला कळवावी, नोंद माझ्याकडेच राहील.
– अण्णा

वहिनींचे पोचले. मालक संध्याकाळपर्यंत थांबतोय. भाडेकरार तिच्या एकटीच्या नावानं करायला सांगितलाय. तो म्हणतो पुरुषमाणसाची सही पाहिजे. सोलापुरात आत्ता कुणाचा भाऊ, मामा मोकळा आहे?
– अक्का