अनुभव धागा: जपानमधल्या चर्चच्या आठवणी

मूळ गाव वसई, नोकरीमुळे तीन वर्षं फुकुओकात. संत गोन्सालो गार्सियांच्या सणाची मिस्सा लहानपणापासून ऐकलेली. यंदा ५ फेब्रुवारीला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवरच उभा राहिलो. १५९७ मध्ये याच दिवशी तिथे २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवलं. गोन्सालो त्यांतले एक. वसईत जन्मलेला, जपानी शिकलेला, फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मगुरूंचा दुभाषी. ब्राँझच्या २६ मूर्तींत आपला माणूस शोधताना डोळे भरून आले. आज जपानात कॅथलिक शंभरात एकही नाही. मग हे चर्च टिकलं कसं? ज्यांनी तिथली चर्चं पाहिली, त्यांनी लिहा.

*

दादा, नागासाकीतल्याच ओउरा चर्चला गेलात का? १७ मार्च १८६५ ला जवळच्या उराकामी गावचे शेतकरी तिथे आले. त्यांतली एक बाई तिथल्या फ्रेंच फादर पेतिजाँना हळूच म्हणाली, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? ख्रिस्ती धर्मावरच्या १६१४ च्या बंदीनंतर पाद्री मारले गेले, हाकलले गेले. दोनशेहून जास्त वर्षं या लोकांनी फादरांशिवाय बाप्तिस्मे दिले, कान्नोनच्या बौद्ध मूर्तीत मारियामाता पाहिली, प्रार्थना आईबापांकडून ऐकून पाठ केल्या. माझ्या आजीलाही लॅटिन प्रार्थना अर्थ न कळता तोंडपाठ होत्या. ती मूर्ती अजून तिथेच आहे. तिच्यापुढे बसले आणि आजीच्याच प्रार्थना ओठांवर आल्या. ओळख उघड झाल्यावर उराकामीच्या तीन हजारांवर लोकांना हद्दपार केलं. बंदी उठली १८७३ मध्ये.

*

परत आलेल्यांनी उराकामीत मोठं चर्च बांधलं. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बने ते पाडलं. नव्या चर्चबाहेर जळून काळवंडलेल्या संतांच्या मूर्ती आहेत. मला जास्त लिहवत नाही.

*

आमाकुसाच्या सकित्सू गावातलं चर्चही पाहा. समोर मासेमारीचं बंदर, आत बाकांऐवजी तातामी चटया. चपला काढून जमिनीवर बसायचं, आपल्या घरी बसतो तसं. बंदीच्या काळात जिथे गावकऱ्यांना ख्रिस्ती नसल्याचं दाखवायला ख्रिस्ताच्या किंवा मारियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत, त्याच जागी वेदी उभारली आहे. लहानपणी मला वाटायचं, पाय ठेवला म्हणजे देवाला सोडलं. पण हुतात्मे गेल्यावर मुलांना प्रार्थना शिकवायला हेच लोक उरले होते. पाय ठेवून घरी जायचे आणि रात्री दार लावून क्षमेची प्रार्थना म्हणायचे. मी त्यांच्यासाठी एक जपमाळ म्हटली. शेजारी एक जपानी आजी गुडघे टेकून बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहून मान लववली.