मदत हवी आहे: डीटीपीच्या कामाला नवीन पातळ लॅपटॉप घेऊ की जुना, रॅम वाढवता येणारा?

नमस्कार मंडळी. साखळीत आमचं छोटं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, देवस्थानची पावतीपुस्तकं, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि पंचायतीच्या निवडणुका आल्या की मग तर विचारूच नका. दुकानातला डेस्कटॉप आता अगदी टेकीला आलाय. या वेळी परत डेस्कटॉप नको, लॅपटॉपच घेऊया असं घरी ठरलंय कारण निम्मं काम दुकानाबाहेरच होतं.

म्हणजे कसं, फ्लेक्सचं प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की कमिटीतला एकेक जण वेगळा फोन करतो, माझं नाव दुसऱ्या ओळीत का, त्याचा फोटो माझ्यापेक्षा मोठा का, आणि रात्री अकरापर्यंत तेच. त्यापेक्षा लॅपटॉप घेऊन सरळ देवळाच्या मंडपात जाऊन बसायचं, अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार तिघांना समोर बसवायचं आणि जे काय वरखाली करायचं ते त्यांच्या डोळ्यांदेखत करून तिथेच ओके घ्यायचा. गेल्या चवथीला भाच्याचा लॅपटॉप मागून आणून असंच केलं, काम झटक्यात झालं. (मुखत्यारांचं नाव शेवटी वरच गेलं, ते सोडा.)

तर आता माझ्यासमोर दोन पर्याय आहेत, तिसरा भाच्याने मध्येच घुसवलाय.

पहिला, नवीन, चौदा इंची, पातळ, १६ जीबी रॅम, ५१२ चा एसएसडी, दुकानदार ७२ हजार म्हणतोय. स्क्रीन ओलेड आहे, बघितल्यावर डोळे दिपले. पण रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, पुढे वाढणार नाही, हे त्याने मी विचारल्यावर सांगितलं, आपणहून नाही.

दुसरा, रिफर्बिश्ड थिंकपॅड टी४८०, आय५ आठवी जनरेशन, ८ जीबी, २४ हजार. यात रॅमचे दोन स्लॉट, एसएसडी बदलता येतो, पाठची बॅटरी नुसती काढून दुसरी लावता येते. पण मॉडेल २०१८ चं! इतकं जुनं घ्यावं का हाच प्रश्न. मिस्टर म्हणतात जुनं घेऊन वर खर्च करण्यापेक्षा एकदाच काय ते नवीन घे.

तिसरा, भाचा म्हणतो मावशी स्नॅपड्रॅगनवाला घे, बॅटरी दिवसभर पुरते, गरम होत नाही.

माझं काम सांगते म्हणजे नीट सल्ला देता येईल. कोरलड्रॉ (डिझाइनचा प्रोग्राम) दिवसभर उघडं असतं, एक्स५ आहे, जुनं पण विकत घेतलेलं. जुन्या सगळ्या फायली श्रीलिपीच्या (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) फॉंटमध्ये आहेत, आणि श्रीलिपी यूएसबीच्या लॉकवर चालतं, ते लॉक लावल्याशिवाय काहीच होत नाही. फोटोशॉप फ्लेक्सच्या फोटोंसाठी. २० बाय १० फुटाचा बॅनर असला की डेस्कटॉप अक्षरशः गोठतो, मी सेव्ह देऊन चहा करून येते. बजेट ताणून ७५ पर्यंत. पण उरले तर दुकानाला इन्व्हर्टर घ्यायचाय, पावसात करंट कधी जाईल नेम नाही.

अजून एक, आमच्याकडे दमट हवेत इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं काय होतं ते गोव्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. त्या दृष्टीने नवीन बरा की जुना?

—

प्रतिसाद:

ताई, पहिल्यांदा भाच्याला गप्प करा. 🙂 स्नॅपड्रॅगन म्हणजे एआरएम प्रोसेसर, नेहमीच्या इंटेलपेक्षा वेगळ्या जातीचा. त्यावर आपले नेहमीचे प्रोग्राम इम्युलेशनने (म्हणजे इंटेलची नक्कल करून) बऱ्यापैकी चालतात पण ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखी जोडलेली वस्तू चालवणारा छोटा प्रोग्राम, चालत नाहीत, ड्रायव्हर एआरएमसाठी वेगळा बनवलेलाच लागतो. तुमच्या श्रीलिपीच्या जुन्या लॉकचा, दुकानातल्या जुन्या प्रिंटरचा तसा ड्रायव्हर नसला तर लॅपटॉप कितीही भारी असो, तुमचं दुकान बंद. मशीन चांगली आहेत, तुमच्या कामाची नाहीत.

दुसरं, कोरल एक्स५ हे ३२ बिट आहे. कोरलमध्ये ६४ बिट आलं ते एक्स६ पासून, २०१२ मध्ये. ३२ बिट प्रोग्रामला ४ जीबीच्या वर रॅम वापरताच येत नाही, मग मशीनमध्ये ८ असो की ६४. म्हणजे निव्वळ कोरलसाठी रॅम वाढवायचा विचार असेल तर पैसे पाण्यात. फोटोशॉपची गोष्ट वेगळी, ते विंडोजवर सीएस४ पासून ६४ बिट आहे, त्याला द्याल तेवढी रॅम ते खातं. तेव्हा आधी सांगा गोठतं ते नेमकं काय, कोरल की फोटोशॉप?

—

धागाकर्ती:

बापरे, हे ३२ बिटचं कोणीच सांगितलं नव्हतं. गोठतं ते जास्त करून फोटोशॉप. कोरल पण अडकतं, पण शॅडो, ट्रान्सपरन्सी जास्त झाली की. डेस्कटॉपला ४ जीबी रॅम आहे आणि जुनी हार्डडिस्क.

—

प्रतिसाद:

मग गोठणारच! साधा हिशेब करा. २० बाय १० फूट, ७२ डीपीआयने (इंचाला ७२ ठिपके) धरलं तर १७२८० बाय ८६४० पिक्सेल, म्हणजे पंधरा कोटींच्या आसपास. सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत) प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, म्हणजे एक पूर्ण लेअर ६०० एमबीच्या घरात. त्यावर देवाचा फोटो, साहेबांचा फोटो, मागचं ग्लो, अनडूची हिस्टरी. ४ जीबीत विंडोज चालून उरतं काय, मग सगळं हार्डडिस्कवर लिहायला लागतं आणि तुमचा चहा होतो. नुसता एसएसडी आणि १६ जीबी झाली तरी तुम्हाला हे मशीन विमानासारखं वाटेल, नवीन असो की जुनं. आणि एवढ्या मोठ्या बॅनरला ७२ पण गरजेचे नाहीत, लांबून बघायचा असेल तर त्याहून कमीवर सुद्धा छान येतो, प्रेसवाल्याला विचारून बघा.

रॅम सोल्डर आहे की स्लॉटमध्ये हे दुकानदाराच्या तोंडावर सोडू नका. दुकानातच कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, परफॉर्मन्समध्ये मेमरी. तिथे फॉर्म फॅक्टरपुढे 'सोडिम' दिसलं तर स्टिक आहे, 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर बोर्डावर. स्लॉट किती, भरलेले किती तेही तिथेच दिसतं. आणि रॅम सोल्डर असलेल्या विंडोज लॅपटॉपमध्ये सुद्धा एसएसडी बहुतेक वेळा बदलता येतो, लोक दोन्हीची गल्लत करतात.

—

प्रतिसाद:

मी म्हापशाला रिपेअरिंग करतो म्हणून दमटपणाचं माझ्याकडून ऐका. जून जुलैत माझ्या टेबलावर येणाऱ्या लॅपटॉपमध्ये 'चालू होतो पण स्क्रीन काळी' ही तक्रार खूप. त्यातल्या बऱ्याच वेळा रॅमच्या स्टिकचे सोनेरी दात काळपट झालेले असतात, काढायची, शाळेतल्या साध्या खोडरबरने घासायची, परत बसवायची, चालू. गिऱ्हाइकाला वाटतं मी जादू केली. सोल्डर रॅमला हे दुखणं नाही, हे खरं आहे. पण तिथे एक चिप जरी गेली तर खोडरबर उपयोगाचा नाही, बोर्डाचाच खर्च, आणि वॉरंटी संपल्यावर बोर्ड म्हणजे लॅपटॉपच्या निम्म्या किमतीला हात. समुद्राकाठचे लॅपटॉप तर कीबोर्डच्या खालून गंजून येतात, तुम्ही साखळीला आहात, खाऱ्या वाऱ्यापासून तशा लांब, पण पाऊस तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त.

नवीन असो की जुना, पावसात रोज थोडा वेळ चालू ठेवा. चालू मशीनच्या उबेने ओल बसत नाही. कपाटात बॅगेत घालून पंधरा दिवस ठेवला की बुरशी आणि मुंग्या, दोघींना घर मिळतं. आणि एसीच्या खोलीतून थंडगार लॅपटॉप बाहेर आणून लगेच चालू करू नका, आत पाणी धरतं.

टी४८० बद्दल, मशीन दणकट, वादच नाही. आठवी जनरेशन म्हणजे विंडोज ११ अधिकृत चालते, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे लक्षात असू द्या. मात्र नुसतं 'आय५' ऐकून घेऊ नका. सहावी सातवीची मशीन जबरदस्तीने ११ घालून विकतात. प्रोसेसरचं नाव आय५-८ ने सुरू झालं पाहिजे. टी४८०एस दाखवला तर तो वेगळा, त्यात थोडी रॅम सोल्डर आणि स्लॉट एकच. टाइप सी पोर्टवर चार्जर लावून बघा, त्या काळच्या थिंकपॅडमध्ये थंडरबोल्टच्या (त्याच टाइप सी पोर्टच्या) फर्मवेअरचा, म्हणजे आतल्या प्रोग्रामचा, लोचा होता, कंपनीने अपडेट काढला, पण ज्यांनी तो वेळेत टाकला नाही त्यांचे पोर्ट मेले. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं सेटिंग) पासवर्ड आहे का बघा, असला तर मशीन खाली ठेवून चालू पडा. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट, मूळ क्षमता किती आणि आता किती ते छापून येतं.

—

प्रतिसाद:

सगळे जुन्याच्या मागे लागलेत म्हणून उलट बाजू मांडतो. ताईंचं पोट या मशीनवर आहे. नव्या सोमवारच्या उत्सवाच्या आदल्या रात्री रिफर्बिश्ड बंद पडला तर कोण येणार? नवीनला वॉरंटी, घरी येऊन दुरुस्तीचं पॅकेज घेता येतं. जीएसटी रेग्युलरमध्ये भरत असाल तर बिलावरचा १८ टक्के क्रेडिट मिळतो, कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीची सोपी योजना) असाल तर नाही. शिवाय कोरलचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं आणि तिथे २०१८ चा प्रोसेसर आणि आजचा यात जमीन अस्मानाचा फरक आहे, ते रॅम घालून भरून येत नाही. आणि स्क्रीन! टी४८० चे साधे पॅनेल इतके फिके की भगवा कुठला आणि विटकरी कुठला कळत नाही.

—

धागाकर्ती:

स्क्रीनचं खरं आहे, पण रंग मी स्क्रीनवर बघून ठरवतच नाही, प्रेसवाल्याने फ्लेक्सवरच छापून दिलेला चार्ट भिंतीवर लावलाय, त्यातले सीएमवायकेचे आकडे टाकते. ओलेडवर झगझगीत दिसलेला भगवा फ्लेक्सवर तसा येणार थोडाच. उलट कमिटीवाले म्हणतील स्क्रीनवर दाखवलं एक आणि छापलं भलतंच. दुकानात मॉनिटर आहेच.

जीएसटी आम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे क्रेडिट नाही. वॉरंटीचा मुद्दा मात्र पटतो. नव्या सोमवारची आठवण कशाला काढलीत, आत्तापासून पोटात गोळा आला.

—

प्रतिसाद (म्हापसा):

मधला रस्ता सांगतो. टी४८० च का, तीन वर्षं पुढचं बघा. डेल लॅटिट्यूड ५४२०, २०२१ चं मॉडेल, अकरावी जनरेशन, डीडीआर४ रॅमचे दोन स्लॉट, एम डॉट टू एसएसडी, दोन साधे यूएसबी, एचडीएमआय. ऑफिसांतून लॉटने निघतात त्यामुळे बाजारात भरपूर. पाठची बॅटरी टी४८० सारखी पटकन निघत नाही, स्क्रू काढावे लागतात, पण प्रोसेसरचा फरक तुम्हाला कोरलमध्ये जाणवेल. साधे यूएसबी दोन म्हणजे एकात श्रीलिपीचं लॉक कायम, दुसऱ्यात माऊस. नवीन पातळ मॉडेलमध्ये कधी कधी एकच असतो, मग हब लटकवत फिरा. लॉक हबमधून निसटून हरवलं तर रडायची वेळ येईल.

आणि 'रॅम नंतर स्वस्तात टाकू' हा हिशेब आता करू नका. २०२५ च्या शेवटाला भाव असे चढले की जुनी डीडीआर४ पण महागली, कंपन्यांनी माल एआयच्या सर्व्हरांकडे वळवला. विकणाऱ्याकडूनच १६ घालून घ्या आणि एकाच भावात बसवा, सुटी रॅम बाहेरून घ्यायला गेलात तर वाचलेले पैसे तिथेच जातील.

वॉरंटीवाल्या दादांना एवढंच, ७२ हजारात असे दोन येतात. दुसरा दुकानात ठेवा, नव्या सोमवारी एक गेला तर दुसऱ्यावर लॉक लावून काम पुढे चालू.

—

धागाकर्ती:

हे दोनचं डोक्यातच आलं नव्हतं! दोन नको, एक आणि इन्व्हर्टर. जुना डेस्कटॉप एसएसडी टाकून दुकानात ठेवते, झेरॉक्स आणि बिलांना चालेल, अडीअडचणीला कोरल पण. मिस्टरांना वाचून दाखवलं, ते म्हणाले जुनंच घ्यायचं होतं तर इतक्या जणांना कशाला विचारलंस.

५४२० बघायला शनिवारी जाते. एकच विचारायचं राहिलं, विकणारा म्हणाला त्यात ८ ची एक स्टिक आहेच, त्यावर १६ ची घातली तर २४ होईल, की असं विषम घालू नये? कोणी म्हणतं दोन्ही सारख्याच लागतात.

—

प्रतिसाद (म्हापसा):

चालते. पहिले ८ आणि ८ जोडीने चालतात, वरचे ८ एकटे, थोडा फरक पडतो, तुम्हाला कळणारही नाही. फोटोशॉपला एकूण किती मिळते ते महत्त्वाचं. फक्त ८ काढून १६ घालतो म्हणाला तर नको म्हणा, ८ ची आतच राहू दे. श्रीलिपीचं लॉक सोबत घेऊन जा आणि पैसे द्यायच्या आधी लावून बघा.